घरचा कॉम्प्युटर, कुणाचा ब्राउझर?

पुणे-नाशिक रस्त्यानं मोशी ओलांडून चाकणकडे निघालं की कुरुळी लागतं. एके काळी या पट्ट्यात नुसती शेतं होती. आज कारखाने आहेत, गोदामं आहेत आणि कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या रांगा आहेत. जमिनीचा व्यवहार एकराऐवजी गुंठ्यात होऊ लागला. गुंठ्याला भाव आला तशी माहेरची माणसं बहिणींच्या दारात येऊ लागली, हातात हक्कसोडपत्राचा कागद घेऊन. ‘एक सही कर, माहेर तुटायला नको.’

महाराष्ट्रानं १९९४ साली कायदा करून हिंदू कुटुंबातल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. केंद्र सरकारनं तो २००५ साली दिला. कायदा झाला, पण कागद भावाकडेच राहिला. याच चाकण परिसरात आंबेठाणला शरद जोशींनी शेती केली आणि कांद्याच्या आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली. पुढे तिच्याच लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांनी जमीन बायकोच्या नावे करून द्यावी अशी हाक दिली गेली. म्हणजे सात-बारावर बाईचं नाव हा इथल्या मातीतला जुना प्रश्न आहे.

आता एक चांगली गोष्ट झाली आहे. सात-बारा पाहायला तलाठ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर किंवा नाव टाकायचं. नुसता पाहायचा असेल तर पैसे लागत नाहीत. फेरफाराच्या नोटिसा ‘आपली चावडी’वर दिसतात. आपल्या नावानं किंवा आपलं नाव वगळून काही नोंद चालली असेल तर हरकतीची मुदत संपायच्या आत बाईला ते घरबसल्या कळू शकतं.

घरबसल्या म्हणजे कुठे? घरच्या कॉम्प्युटरवर. आणि तो कॉम्प्युटर सगळ्या घराचा! संध्याकाळी नवरा किंवा दीर त्यावर बसतो, वर पत्ता टाकायच्या पट्टीत एखादं अक्षर टाकतो आणि दुपारी बाईनं पाहिलेली महाभूलेखची साइट त्याच्यासमोर आपोआप उलगडते. ‘सात-बारा कोण बघत होतं?’ बाईनं अजून कुणाला काही सांगितलेलं नाही, वकिलाला विचारलेलं नाही, भावाला फोन केलेला नाही. पण बातमी फुटली. ती फोडली ब्राउझरनं.

ब्राउझर म्हणजे आपण ज्यातून इंटरनेट पाहतो ती खिडकी: क्रोम, एज, फायरफॉक्स वगैरे. ‘बायकांच्या अंकात या तांत्रिक गोष्टी कशाला?’ असं विचारणाऱ्या मित्रांना आणि काही मैत्रिणींनाही आमचं उत्तर हेच आहे. घराची खिडकी कुणी निवडायची, तिला पडदा कुणी लावायचा आणि किल्ली कुणाकडे असायची, हा प्रश्न तांत्रिक नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

‘आपोआप’ कुणाच्या सोयीचं?

घरात ब्राउझर कुणी निवडला असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘कुणी नाही, तो होताच.’ ‘होताच’ हा शब्द बायकांनी नीट ओळखायला हवा. कुटुंबप्रमुख पुरुष ‘होताच’. लाइटचं बिल त्याच्या नावानं ‘होतंच’. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख धरायची असं लिहून काढलं, तेव्हा कुठे एका कागदावरचं ‘होतंच’ बदललं. जे आपोआप असतं ते कुणीतरी ठरवलेलं असतं, आणि ठरवणारी बहुधा आपण नसतो.

ब्राउझरचा इतिहास हा या ‘आपोआप’साठी झालेल्या मारामारीचा इतिहास आहे. १९९५ साली मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्स्प्लोरर आणला आणि पुढे तो विंडोजबरोबर प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये घालून विकला. तोवर पुढे असलेला नेटस्केप त्यामुळे मागे पडला. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारनं खटला भरला आणि २००० साली न्यायालयानं मक्तेदारीचा कायदा मोडल्याचा निकाल दिला. युरोपात मायक्रोसॉफ्टला २००९ मध्ये लेखी कबूल करावं लागलं की ग्राहकाला निवडीचा पडदा दाखवू. तो काही काळ दाखवला नाही म्हणून २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड बसला. नुसतं ‘तुम्हाला कोणता हवा?’ असं विचारलं नाही, एवढ्यासाठी! बाईला न विचारण्याबद्दल असा दंड बसता तर किती घरांचं दिवाळं निघालं असतं!

आपल्याकडेही या मक्तेदारीची झळ बसली. युनिकोड रुळण्याआधी अनेक भारतीय भाषांतल्या वर्तमानपत्रांची संकेतस्थळं अशा फॉन्टवर चालत की ती फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच धड दिसत. फायरफॉक्समध्ये तीच पानं वाचायला ‘पद्मा’ नावाची वेगळी जोडणी बसवावी लागे. कित्येक सरकारी साइटही ‘एक्स्प्लोररमध्येच उघडा’ असं बजावत. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनंच तो बंद केला. आपल्या भाषेला आणि आपल्या सरकारला ज्या खिडकीची सवय लावली होती, ती खिडकी कंपनीनं एका तारखेला बुजवली.

मग गूगलचं राज्य आलं. शोध घेताना आपोआप गूगलच उघडावं म्हणून २०२१ या एका वर्षात या कंपनीनं इतर कंपन्यांना २६ अब्ज डॉलरांहून अधिक पैसे मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयानं गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवलं. आपल्या स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड फोनवर स्वतःची अॅप आधीच घालून देण्याबद्दल १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला आणि तो पुढे अपिलातही कायम राहिला. ज्या ‘आपोआप’साठी कंपन्या अब्जावधी मोजतात, ते आपण दोन मिनिटं खर्चून बदलू शकतो. तरी बदलत नाही.

स्वदेशीचा झेंडा घेऊन कुणी येईल. सरकारच्या ब्राउझर स्पर्धेत २०२५ मध्ये झोहो कंपनी पहिली आली. तिचा ‘उला’ नावाचा ब्राउझर आहे. जरूर वापरून पाहावा. पण आपला प्रश्न कंपनी कुठली एवढाच नाही. देशी खिडकीसुद्धा घरात पुरुषाच्याच नावानं उघडली असेल तर बाईच्या दृष्टीनं काय बदललं?

‘लपवायचं काय आहे?’

‘आमच्यात काही लपवाछपवी नाही. पासवर्ड सगळ्यांना माहीत आहे.’ हे वाक्य मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. तपासून पाहा. बायकोचा पासवर्ड नवऱ्याला माहीत असतो. नवऱ्याचा बायकोला असतो का? सुनेचा फोन सासू चाळते. सासऱ्याचा कोण चाळतं? पूर्वी सासुरवाशिणीला माहेरून आलेलं पोस्टकार्ड आधी घरानं वाचायचं आणि मग तिच्या हाती पडायचं. रमाबाई रानड्यांनी १९१० साली छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे की नवरा शिकवायला उत्सुक असूनही घरातल्या बायकांनी त्यांच्या वाचनावरून त्यांना किती छळलं. बाई काय वाचते यावर घराचा डोळा असणं ही नवी गोष्ट नाही. फक्त आता डोळ्याला हिस्टरी म्हणतात.

आपल्या चळवळीनं ‘हा आमचा खाजगी मामला आहे’ या भिंतीवर धडका दिल्या. नवऱ्याचा मार चार भिंतींत झाकता येणार नाही, असं ठणकावून सांगितलं. त्यातूनच २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आला. मग आता आपण खाजगीपणा का मागतो, असं काहींना वाटेल. यात विरोध नाही. आपण मोडला तो घराचा खाजगीपणा, ज्याच्या आड पुरुष सुरक्षित होता. आपण मागतो तो घराच्या आतला बाईचा खाजगीपणा. सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तोही व्यक्तीचा म्हणून.

पण कायद्याच्या भरवशावर बसू नये. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं नवऱ्यानं बायकोच्या नकळत रेकॉर्ड केलेलं तिचं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. पाळत ठेवण्यापर्यंत वेळ आली म्हणजे लग्न मोडलेलंच आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. पण पाळत कोण कुणावर ठेवतं? ज्याच्याकडे फोन विकत घेण्याचे पैसे आहेत, कॉम्प्युटरचा मालक जो आहे, तो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. बायकांत हेच प्रमाण ३३.३ टक्के होतं. हत्यार कुणाच्या हातात जास्त आहे ते या आकड्यांत दिसतं.

आता हात घालू या

तक्रार पुरे. कॉम्प्युटरसमोर बसू या. पुढच्या गोष्टी दहावी झालेली कोणतीही मुलगी एका दुपारी शिकू शकते आणि आईला शिकवू शकते.

पहिली गोष्ट, हा ब्राउझर कुणाच्या नावानं चालू आहे ते पाहायचं. क्रोममध्ये वर उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं. त्यावर दाबलं की खातं दिसतं. तिथं नवऱ्याचं खातं असेल आणि सिंक चालू असेल तर तुम्ही दुपारी पाहिलेली पानं त्याच्या फोनवर, कारखान्यात, त्याच वेळी पोचू शकतात.

दुसरी गोष्ट, स्वतःची वेगळी जागा करायची. ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल करता येतं, पण त्याला कुलूप नसतं; कुणीही उघडू शकतं. त्यापेक्षा विंडोजमध्येच स्वतःचं वेगळं खातं आणि पासवर्ड करावा. मात्र कॉम्प्युटरचा मुख्य चालक म्हणून नवऱ्याचं खातं असेल तर तो हे कुलूपही काढू शकतो, हे ध्यानात असू द्यावं.

तिसरी गोष्ट, निवड. घरात दोन ब्राउझर असायला काहीच हरकत नाही, पैसे पडत नाहीत. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा ही नावं वेगळी असली तरी आतलं इंजिन एकच, गूगलनं सुरू केलेलं. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं आहे. तो ना-नफा तत्त्वावरच्या मोझिला संस्थेच्या छत्राखाली २००४ साली आला. त्या संस्थेची घडी मिचेल बेकर या बाईनं बसवली. ती इंजिनिअर नव्हती, वकील होती. ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ म्हणणाऱ्यांना हे सांगावं. फायरफॉक्सही धुतल्या तांदळासारखा नाही, मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येतं. पण तो बाहेरच्या बऱ्याच पाळतखोर कुकीज मुळातच अडवतो, आणि जाहिराती रोखणारं ‘यूब्लॉक ओरिजिन’ त्यात पूर्ण चालतं. क्रोमनं ते २०२४-२५ मध्ये बंद पाडलं. जाहिरातींवर जगणारी कंपनी जाहिराती रोखणारं साधन का चालू देईल?

जाहिराती हा नुसत्या कटकटीचा विषय नाही. बाईनं गर्भपाताची किंवा वकिलाची माहिती शोधली की पुढचे काही दिवस तशाच जाहिराती त्या कॉम्प्युटरवर घोटाळू शकतात आणि पाहणाऱ्याला पाहता येतात. जाहिरात रोखणं म्हणजे अशा चुगलखोराचं तोंड बंद करणं.

चौथी गोष्ट, अपडेट. कंपनीतून मोडीत निघालेले किंवा सेकंडहँड घेतलेले कॉम्प्युटर आपल्या घरांत असतात. विंडोज ७ वर क्रोम १०९ या आवृत्तीनंतर पुढे जात नाही. ही गोष्ट २०२३ च्या सुरुवातीची. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आणि कित्येक चालू स्थितीतल्या मशीनवर विंडोज ११ बसतच नाही. जुना ब्राउझर म्हणजे कडी मोडलेलं दार. तो बँकेची खोटी साइट ओळखण्यात कमी पडतो आणि चोरांना ठाऊक झालेल्या फटी त्यात तशाच राहतात. मेनूत ‘मदत’ आणि मग ‘बद्दल’ उघडलं की आवृत्ती दिसते आणि अपडेट सुरू होतं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते पुरं होत नाही. मशीन फारच जुनं असेल तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते. हे काम घरातल्या मुलालाच येतं असं समजू नये. मुलीला बसवा.

पाचवी गोष्ट, भाषा. क्रोम, एज, फायरफॉक्स तिन्ही मराठीत करता येतात, सेटिंगमध्ये भाषा बदलली की झालं. अक्षरं बारीक दिसत असतील तर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबावं. ही हौसेची बाब नाही. धोक्याचा इशारा इंग्रजीत आला की बाई घाबरून ‘अलाऊ’ दाबते आणि कोपऱ्यातून लॉटरीच्या आणि खोट्या व्हायरसच्या सूचनांचा मारा सुरू होतो. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे आपण चळवळीत शिकलो. कुकीज घेऊ का, सूचना पाठवू का, तुम्ही कुठे आहात ते पाहू का, असं यंत्र विचारतं तेव्हाही ‘नाही’ म्हणता येतं, आणि आधी दिलेला होकार सेटिंगमध्ये जाऊन मागे घेता येतो.

सहावी गोष्ट, गुप्त खिडकी. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी. ती बंद केली की त्या पानांची नोंद कॉम्प्युटरवर राहत नाही. पण डाउनलोड केलेला कागद राहतो आणि साइटला व इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसता. ‘गुप्त’ या नावावरूनच गूगलवर २०२० साली अमेरिकेत दावा झाला होता. २०२४ मध्ये जमवलेली माहिती नष्ट करण्याचं कबूल करून कंपनीनं तडजोड केली.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मारझोड होणाऱ्या घरातल्या मैत्रिणीला सल्ला देताना घाई करू नका. तिनं एकदम सगळी हिस्टरी पुसली किंवा पासवर्ड बदलला तर त्याचाच संशय येतो आणि मार वाढतो. नेमकी तेवढीच नोंद काढावी, बाकीची राहू द्यावी. कॉम्प्युटरवर टिपून घेणारी प्रणाली लपवलेली असेल तर कोणताही ब्राउझर तिला वाचवू शकत नाही. घर सोडण्याचा बेत, वकिलाशी पत्रव्यवहार, संरक्षण अधिकाऱ्याला अर्ज ही कामं मैत्रिणीच्या किंवा संघटनेच्या कॉम्प्युटरवर करावीत. १८१ ही महिला हेल्पलाइन त्यासाठीच आहे, आणि ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३०.

‘पाणी नाही आणि तुमचं ब्राउझर काय!’

कार्यकर्त्यांकडूनच हा आक्षेप येतो. पाणी हवंच. कंत्राटी कामगार बाईला किमान वेतन हवंच. पण आज वेतनाची पावती, भविष्यनिर्वाह निधी, रेशन, जमीन, शाळेचा प्रवेश, सगळ्याची वाट ब्राउझरमधून जाते. ‘आता सगळ्यांकडे मोबाइल आहे’ म्हणावं, तर मोबाइलमध्येही आधीच घालून दिलेला ब्राउझरच असतो, आणि मोबाइल तर घरात आधी तपासला जातो.

लाडकी बहीण योजनेचंच पाहा. महिना १,५०० रुपये बाईच्या खात्यात, जुलै २०२४ पासून. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं ऑनलाइन ई-केवायसी सक्तीची केली आणि त्यात बाईबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला. पैसे बाईचे, पण किल्ली पुरुषाच्या फोनमध्ये! टाकलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या बाईनं कुणाच्या दारात ओटीपी मागायला जायचं? विधवांसाठी वाट काढायला मुदत वाढवावी लागली. हे ज्यांनी आखलं त्यांच्या डोळ्यांसमोर बाई नव्हती, कुटुंब होतं. ब्राउझर बनवणाऱ्यांसारखंच यांनीही धरून चाललं की घरात एकच माणूस असतो आणि तो कोण हे विचारायची गरज नसते.

म्हणून मागण्या स्पष्ट असू द्यात. बायकांच्या योजनेचं कोणतंही सरकारी संकेतस्थळ कुठल्याही ब्राउझरमध्ये, जुन्या मशीनवर, धड मराठीत चाललं पाहिजे. बाईच्या हक्कासाठी पुरुषाचा ओटीपी मागता कामा नये. ग्रामपंचायतीत आणि वाचनालयात बायकांना एकटीनं बसता येईल असा एक कॉम्प्युटर असावा, ज्याची नोंद उठताना पुसली जाईल. संगणक वर्गांत मुलींना टायपिंगच्या आधी हे सगळं शिकवावं.

आणि मागण्या मंजूर होईपर्यंत आपण थांबू नये. प्रत्येक गटानं, प्रत्येक बचत गटानं पुढच्या तिमाहीत एक दुपार यासाठी काढावी. एक कॉम्प्युटर, पाच-सात जणी. एकीनं प्रोफाइल पाहावं, एकीनं अपडेट करावं, एकीनं भाषा बदलावी. शेवटी प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं माहेरचा सात-बारा उघडावा, त्यावर कुणाची नावं आहेत ते मोठ्यानं वाचावं आणि मगच हक्कसोडपत्राचा कागद हातात घ्यायचा की नाही ते ठरवावं.